आधी पार्सल, मग दुकान: नाशिकहून घरचे पापड ऑनलाइन विकताना पायऱ्यांचा क्रम

उन्हाळ्यातली वाळवणं आटोपली की नाशिकमध्ये घरगुती पदार्थांची नवी इन्स्टाग्राम पानं दिसू लागतात. नाव ठरलेलं असतं, लोगो झालेला असतो, शंभर फॉलोअरही जमलेले असतात. मग ठाण्याहून पहिली ऑर्डर येते आणि तेव्हा पहिल्यांदा प्रश्न पडतो की हे पाठवायचं कसं, कुरिअरचे किती घेतात आणि पोहोचेपर्यंत पापडांचा चुरा झाला तर काय करायचं. क्रम उलटा झाल्यामुळे हे होतं. जे शेवटी करायचं ते आधी केलं जातं आणि ज्यावर सगळा धंदा उभा आहे, ते पार्सल ऐनवेळी बांधलं जातं.

हा लेख घरून किंवा बचत गटातून विक्री सुरू करणाऱ्यांसाठी आहे. उदाहरण नागलीच्या (नाचणीच्या) पापडाचं घेतलं आहे, कारण पेठ-सुरगाण्याकडची नागली आपल्याकडे सहज मिळते आणि पाठवायला पापडाइतका नाजूक माल दुसरा नाही. चिवडा, बेदाणे, मसाले विकणाऱ्यांनाही हाच क्रम लागू आहे. जिथे नियम बदलतो तिथे तसं सांगितलं आहे.

१. एकच वस्तू निवडा आणि तिचं वजन कुरिअरच्या टप्प्यावरून ठरवा

सुरुवातीला बारा पदार्थांची यादी टाकू नका. प्रत्येक पदार्थाचं पाकीट वेगळं, लेबल वेगळं, टिकण्याची मुदत वेगळी. एक पदार्थ नीट पोहोचायला लागला की दुसरा घ्या.

वजनाचा निर्णय बहुतेक जण सवयीने घेतात: पाव किलो, अर्धा किलो. कुरिअर मात्र साधारणपणे अर्ध्या-अर्ध्या किलोच्या टप्प्यांनी पैसे लावतं, आणि वजन धरतं ते खोक्यासकट. अर्धा किलो पापड खोक्यात घातले की सहाशे ग्रॅमच्या पुढे जातात आणि भाडं एक किलोचं लागतं. ३५० ग्रॅमचं पाकीट केलं तर पाऊच आणि खोका धरून ४७०-४८० ग्रॅममध्ये बसतं. पाकीट अमुकच वजनाचं असावं असं आता बंधन नाही, त्यामुळे ३५० ग्रॅम चालतं.

दुसरी गोष्ट आकारमानाच्या वजनाची. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करायचा आणि बहुतेक कुरिअर कंपन्यांच्या पद्धतीप्रमाणे ५००० ने भागायचं. येणारा आकडा आणि काट्यावरचं वजन यांत जे जास्त, त्याचे पैसे. घरात पडलेला ३०×३०×१० चा खोका वापरला तर १.८ किलो होतात, म्हणजे आत ३५० ग्रॅम पापड असले तरी भाडं दोन किलोचं. २०×२०×६ चा खोका घेतला तर ०.४८ किलो. पापड लाटतानाच या खोक्यात बसेल असा घेर ठेवा.

*तपासा:* भरलेलं, टेप लावलेलं खोकं काट्यावर ठेवून ४९० ग्रॅमच्या आत आहे ना? अगदी ५०० वर असेल तर कुरिअरच्या काट्यावर ते ५१० भरू शकतं.

२. विक्रीआधी तीन पार्सलं पाठवा

ही पायरी सगळ्यात जास्त गाळली जाते, म्हणून इथे जरा थांबू.

पाकीट भरण्यापासून सुरुवात करा. गच्चीवरून आणलेले पापड गरम असतानाच पिशवीत भरून तोंड बंद केलं की आत घाम धरतो. बाहेरून दिसत नाही, पण पावसाळ्यात त्याच पाकिटात बुरशी येते आणि दोष ‘माल जुना होता’ असा लागतो. पापड घरात सावलीत, कापडावर पसरून पूर्ण गार होऊ द्या. एक मोडून बघा: कट्कन तुटला पाहिजे. वाकून मग तुटत असेल तर अजून एक ऊन हवं.

मग रचणं. पापड सुटे भरू नका. थप्पी करा, खाली आणि वर पापडाच्याच घेराची पुठ्ठ्याची चकती ठेवा आणि थप्पी पाऊचमध्ये हलणार नाही अशी घट्ट बसवा. तुटणं बहुतेकदा मार लागून होत नाही. पापड एकमेकांवर प्रवासभर घासत राहतात, त्याने कडा जातात. खोक्यात उरलेली जागा कागदाच्या बोळ्यांनी भरा. छापील वर्तमानपत्र अन्नाला थेट लागता कामा नये. बंद पाऊचच्या बाहेर, खोक्यात भरायला चालेल.

खोक्यावर ‘ही बाजू वर’ असा बाण काढून त्यावर विसंबू नका. पार्सल गाडीत आडवं, उभं, उलटं, कसंही जातं. कुठल्याही बाजूवर पडलं तरी टिकेल असं बांधा.

*तपासा:* खोकं कानाशी धरून हलवा. आतून आवाज आला तर जागा शिल्लक आहे. मग कमरेच्या उंचीवरून फरशीवर टाका, प्रत्येक बाजूवर एकदा आणि दोन कोपऱ्यांवर. उघडा आणि तुटलेले पापड मोजा.

यानंतर तीन ठिकाणी पाठवा: एक पुणे-मुंबईत, एक नागपूरकडे, एक राज्याबाहेर किंवा आडगावी. नातेवाईक, मैत्रिणी, कोणीही चालेल. ही भेट आहे, विक्री नाही, त्यामुळे परवान्याच्या आधी करता येते. एक पार्सल जीपीओतून टपालाने आणि दोन खासगी कुरिअरने पाठवलं तर दर, दिवस आणि हाताळणी यांतला फरक कळतो. आडगावी पिनकोडला बरेच खासगी कुरिअर जात नाहीत, टपाल जातं. घेणाऱ्याला आधीच सांगून ठेवा: उघडण्यापूर्वी एक फोटो, उघडल्यावर एक फोटो, आणि किती तुटले तो आकडा.

*थांबा:* तीनपैकी एका जरी पार्सलात पाचापेक्षा जास्त पापड तुटले असतील तर पुढच्या पायरीवर जाऊ नका. पुठ्ठा बदला, रचना बदला, पुन्हा पाठवा.

३. एका ऑर्डरचा हिशेब कागदावर

आता तुमच्याकडे कुरिअरची खरी पावती आहे, म्हणून हिशेब आता करायचा. खालचे आकडे नमुन्याचे आहेत, तिथे तुमचे घाला.

एक पाकीट: पापड ९५ रुपये (नागली, पापडखार, तेल-मीठ आणि *तुमची मजुरी* धरून), पाऊच-लेबल ८, खोका-टेप १७, कुरिअर ६०, पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे स्वीकारणारी सेवा) ५, तुटफुटीची तरतूद १०. एकूण १९५. किंमत २०० ठेवून ‘शिपिंग फ्री’ लिहिलं तर हातात ५ रुपये उरतात.

दोन पाकिटं एका खोक्यात: पापड १९०, पाऊच-लेबल १६, खोका-टेप २०, एक किलोचं कुरिअर ९५, गेटवे ९, तरतूद १२. एकूण ३४२. विक्री ४००. उरले ५८.

म्हणजे बाहेरगावी एक पाकीट विकणं हा धंदाच नाही. किमान ऑर्डर दोन पाकिटांची ठेवा. एकच हवं असेल त्याला कुरिअर वेगळं लावा, किंवा शहरातल्या शहरात हाती द्या. सिडको, इंदिरानगर, गंगापूर रोड या भागांत आठवड्यातले दोन दिवस ठरवून स्वतः पोहोचवलं तर कुरिअरचा खर्चच नाही.

हिशेबात मजुरी न धरणं ही घरगुती धंद्यातली सगळ्यात महागडी चूक आहे. ‘माझंच तर काम आहे’ असं म्हणत किंमत ठेवली, की ऑर्डरी वाढून मदतीला बाई लावल्यावर प्रत्येक पाकिटामागे तोटा सुरू होतो. आणि तोवर ग्राहकाला जुन्या भावाची सवय झालेली असते.

४. कागदपत्रं, याच क्रमाने

आधी आधार आणि पॅन समोर ठेवून नावाचं स्पेलिंग जुळवा आणि आधारला चालू मोबाइल नंबर जोडलेला आहे का ते बघा. एकीकडे आडनाव आधी, दुसरीकडे शेवटी, इतक्या फरकावरूनही अर्ज अडकतात.

मग उद्यम नोंदणी. सरकारी पोर्टलवर, मोफत. फी मागणारी संकेतस्थळं दलालांची असतात, दिसायला सरकारी वाटली तरी.

त्यानंतर दुकाने अधिनियमाखालची सूचना, ज्याला सगळे अजूनही गुमास्ता म्हणतात. स्वतःच्या बळावर चालणाऱ्या छोट्या व्यवसायाला ऑनलाइन सूचना देणं पुरतं. ही दोन कागदं हातात आली की बँकेत धंद्याच्या नावाने चालू खातं उघडायला अडचण येत नाही. घरखर्चाच्या खात्यात धंद्याचे पैसे घेऊ नका. वर्षाअखेरीला भाजीचे आणि पापडाचे पैसे वेगळे करता येत नाहीत.

अन्नसुरक्षा नोंदणी म्हणजे एफएसएसएआय. छोट्या उलाढालीला नोंदणी पुरते, मोठीला परवाना लागतो. अर्ज फॉसकॉस पोर्टलवर होतो. इथे व्यवसायाचा प्रकार निवडताना चूक होते. स्वतः पापड करत असाल तर उत्पादक. बचत गटाकडून तयार पापड घेऊन आपल्या पाकिटात भरत असाल तर रिपॅकर, आणि त्या गटाचीही स्वतःची नोंदणी असायला हवी. नुसता ‘किरकोळ विक्रेता’ निवडून घरी उत्पादन करणं तपासणीत चालत नाही. पत्ता जिथे माल बनतो तिथला द्या.

वजनमापं: पाकीटबंद माल भरणाऱ्याने वैधमापन विभागाकडे नोंद करायची असते, आणि काटा विभागाचा शिक्का असलेला लागतो. स्वयंपाकघरातला प्लॅस्टिकचा काटा घरच्या केकला ठीक आहे, विक्रीला नाही.

जीएसटी शेवटी, पण नीट समजून. पापड, कुठल्याही नावाने विकलेला, जीएसटीतून मुक्त आहे. फक्त करमुक्त मालच विकत असाल तर जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, माल दुसऱ्या राज्यात गेला तरी. पण याच पानावर तुम्ही पाकीटबंद चिवडा ठेवलात की चित्र बदलतं. त्यावर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के कर आहे. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात विकलात तर एकूण उलाढाल ४० लाखांपर्यंत नोंदणीविना चालते, आणि या ४० लाखांत पापडाची विक्रीही मोजली जाते. मात्र चिवड्याचं एकच पार्सल सुरतेला किंवा बंगळुरूला गेलं, तर ४० लाखांची सूट उपयोगाची नाही, नोंदणी आधी हवी. बेदाणे आणि मसाल्यांचंही असंच.

*थांबा:* ‘सोबत थोडा चिवडाही ठेवू’ हा निर्णय सीएशी बोलून घ्या. ऑर्डर आल्यावर नाही.

५. लेबल

फक्त मराठी लेबल पुरत नाही. आवश्यक माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावीच लागते. मराठी त्याच्या जोडीला, अवश्य लिहा.

लेबलवर हवं ते असं: पदार्थाचं नाव, घटक, जास्त प्रमाणाकडून कमीकडे, पोषणमूल्यं, हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका, निव्वळ वजन, बॅच (एका वेळी भरलेला माल) क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि कधीपर्यंत वापरावं, साठवणीची सूचना, उत्पादकाचं नाव-पत्ता, एफएसएसएआयचं चिन्ह आणि १४ अंकी क्रमांक, सर्व करांसहित कमाल किंमत, प्रति ग्रॅम किंमत, तक्रारीसाठी फोन आणि ईमेल.

घटकांत पापडखार लिहायला विसरतात. तोही घटक आहे. त्याच ओट्यावर गव्हाच्या कुरडया किंवा शेंगदाण्याचा चिवडा होत असेल तर ग्लुटेन आणि शेंगदाण्याची सूचना द्या. ज्याला त्याची ॲलर्जी आहे, त्याच्यासाठी ती ओळ फार मोलाची आहे.

नागलीत कॅल्शियम असतं हे खरं, पण ‘मधुमेह घालवते’, ‘सांधेदुखी बरी करते’ असं लेबलवर, पानावर किंवा व्हॉट्सअ‍ॅपच्या मजकुरातही लिहू नका. अन्नाच्या नावाने रोग बरा करण्याचा दावा कायद्यात बसत नाही.

*तपासा:* पाचशे लेबलं छापण्याआधी एक प्रत काढून पाकिटावर लावा. तारीख आणि बॅच पेनाने लिहून बोटाने पुसून बघा. गुळगुळीत पाऊचवर साधी शाई पुसली जाते.

६. फोटो आणि वर्णन

सकाळी खिडकीशी, पदार्थावर समोरून उजेड पडेल असे काढा. चार फोटो पुरतात: बंद पाकीट, कच्चा पापड तळहातावर (आकार कळायला), तळलेला पापड, लेबलची मागची बाजू स्पष्ट वाचता येईल अशी. वर्णनात वजन, अंदाजे नग, घटक, मुदत, किती दिवसांत निघेल आणि पोहोचायला किती दिवस लागतील ते लिहा. भाव ‘इनबॉक्समध्ये विचारा’ असं ठेवू नका. लोक विचारत नाहीत, पुढे जातात.

७. पैसे घेणं

चालू खात्याचा यूपीआय क्यूआर पुरेसा आहे. पैसे जमा झाल्याचा स्क्रीनशॉट हा पुरावा धरू नका. खोटे स्क्रीनशॉट करणं फार सोपं झालंय. बँकेच्या ॲपमध्ये रक्कम दिसली की मगच पार्सल बांधा. पैसे *घेण्यासाठी* पिन कधीच टाकावा लागत नाही. कोणी ‘मोठी ऑर्डर देतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका’ म्हणालं तर तिथेच थांबा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कळवा, तासाभराचा उशीरही महागात पडतो.

घरपोच रोख, म्हणजे कॅश ऑन डिलिव्हरी, पहिल्या वर्षी देऊ नका असं मी ठामपणे सांगेन. वरच्याच हिशेबात बघा: दोन पाकिटांचं पार्सल घेणाऱ्याने नाकारलं तर जायचं कुरिअर ९५, यायचं ९५, खोका २०, आणि परत आलेला खाण्याचा माल पुन्हा विकायचा नसतो म्हणून पापड आणि पाऊच-लेबलचे २०६. एकूण ४१६ रुपये. ही भरपाई करायला सातहून जास्त पार्सलांचा नफा लागतो. ग्राहक आगाऊ पैसे द्यायला कचरत असेल, तर त्याला फोन करा, दोन मिनिटं बोला, पाकिटाचा आणि नोंदणी क्रमांकाचा फोटो पाठवा. बहुतेकांची शंका तिथेच मिटते.

८. रोजचा क्रम

आधी ओळखीच्यांच्या ओळखीपर्यंत, व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसच्या कॅटलॉगवरून विका. इन्स्टाग्राम त्यानंतर. ऑर्डर आली की पत्ता तुम्ही टाइप करून ग्राहकाला परत पाठवा: “ताई, पत्ता बरोबर आहे ना? पिनकोड आणि दुसरा फोन नंबर एकदा बघून ‘हो’ लिहा.” चुकलेल्या पिनकोडमुळे फिरून येणारी पार्सलं या एका मेसेजने बरीच कमी होतात.

एक वही ठेवा, किंवा मोबाइलमधली शीट: तारीख, नाव, गाव, बॅच, रक्कम, ट्रॅकिंग क्रमांक, पोहोचल्याची तारीख. बॅच लिहिणं टाळू नका. एका पाकिटात खोट निघाली तर त्याच दिवशी भरलेली बाकीची कोणाकडे गेली हे पाच मिनिटांत कळलं पाहिजे.

पार्सलं सोमवार ते गुरुवार पाठवा. शुक्रवारी दुपारनंतर दिलेलं पार्सल शनिवार-रविवार गोदामात पडून राहण्याची शक्यता जास्त, आणि जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत ते दोन दिवस पापडाला सोसत नाहीत. पावसाळ्यात पाकिटात खाण्याच्या मालासाठीची ओलावा शोषणारी पुडी टाका आणि खोक्याला बाहेरून प्लॅस्टिक पिशवी चढवा.

साठा मोजूनच ऑर्डर घ्या. पापड मार्च ते मे या उन्हात होतात. ऑक्टोबरात दिवाळीची मागणी आली म्हणून ढगाळ हवेत घाईने लाटलेला माल विकू नका. संपला तर संपला असं पानावर लिहा आणि पुढच्या हंगामाची नावं घेऊन ठेवा. पंचवटी किंवा जुन्या नाशकातून पाठवणाऱ्यांनी २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरातल्या सिंहस्थाच्या पर्वण्याही वहीत टाकून ठेवाव्यात. त्या दिवसांत रस्ते बदललेले असतील आणि कुरिअरचा मुलगा वेळेवर येईल असं धरून चालता येणार नाही.

९. तक्रार आली तर

ऑनलाइन विक्रीच्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याच्या आत व्हायला हवं. पापडाच्या बाबतीत महिना फार झाला, त्याच दिवशी उत्तर द्या. तुटक्या पापडांचा फोटो मागवा, बॅच विचारा. चार-पाच तुटले असतील तर पुढच्या ऑर्डरीत तितके जास्तीचे टाका आणि तसं कळवा. पाकीटभर चुरा झाला असेल तर पैसे परत करा. नवं पार्सल पाठवायचं की पैसे, हा निर्णय ग्राहकाला घेऊ द्या.

बुरशी किंवा वास आल्याची तक्रार असेल तर मात्र आधी त्या बॅचची विक्री थांबवा. घरात ठेवलेलं त्याच बॅचचं एक पाकीट उघडून बघा. यासाठी प्रत्येक बॅचमधलं एक पाकीट मुदत संपेपर्यंत बाजूला ठेवायचं असतं.

१०. मोठ्या मार्केटप्लेसवर जाणं

वहीत सलग तीन महिने परत आलेली आणि फुटलेली पार्सलं दोन्ही नगण्य दिसली, तरच. तिथे विक्रीवर कमिशन कापलं जातं, वेगळं शिपिंग लागतं आणि परतीचं धोरण त्यांचं असतं. कमिशन धरून तिसऱ्या पायरीचा हिशेब पुन्हा मांडा. पापड करमुक्त असला तरी अनेक मार्केटप्लेस खातं उघडताना जीएसटी क्रमांक मागतात. तो घेतला की विवरणपत्रं भरणं आलं, विक्री शून्य असली तरी.

पोहोचताना मुदत पुरेशी शिल्लक असावी अशीही अट असते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रेत्यांना टिकण्याच्या मुदतीच्या किमान ३० टक्के किंवा ४५ दिवस शिल्लक ठेवायला सांगितलं आहे. करपात्र मालावर मार्केटप्लेस जीएसटीपोटी ०.५ टक्के कापून तुमच्या नावे भरतो. तो पैसा तुमचाच असतो, पण विवरणपत्रात मागितल्याशिवाय मिळत नाही.

वजनाचे वाद तिथे नेहमीचे. प्रत्येक पार्सल काट्यावर ठेवून, वजनाचा आकडा आणि चिकटवलेला पत्ता एकाच फोटोत येईल असा फोटो काढा, आणि शेजारी पट्टी ठेवून खोक्याच्या मापांचा एक. जास्त वजनाचे पैसे लावले गेले तर हे दोन फोटो घालून मुदतीच्या आत हरकत नोंदवा. मुदत उलटली की कापलेले पैसे परत मिळत नाहीत.